निष्काळजीपणाची तक्रार : तडजोड करावी की लढावे?

वकिलाची नोटीस हाती पडली की वैद्याच्या मनात दोन विचार एकामागोमाग येतात. पहिला, ‘काहीतरी देऊन हे प्रकरण मिटवून टाकावे’. दुसरा, ‘आम्ही काही चूक केलेलीच नाही, मग एक पैसा तरी का द्यावा?’ पहिला विचार भयातून येतो, दुसरा मानापमानातून. रुग्णाच्या प्रकृतीचा निर्णय आपण भयाने किंवा अभिमानाने करीत नाही. दर्शन, स्पर्शन, प्रश्न या क्रमानेच करतो. तक्रारीचा निर्णयही त्याच क्रमाने व्हावा, असे आमचे मत आहे. जळगाव व धुळे जिल्ह्यांत तालुक्याच्या गावी दवाखाना चालविणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींना समोर ठेवून प्रस्तुत लेख लिहिला आहे. प्रत्यक्ष प्रकरणात वकिलाचा सल्ला घेणे अनिवार्यच आहे. परंतु वकिलाला काय विचारावे आणि त्याच्यापुढे काय ठेवावे, हे वैद्याला स्वतःला ठाऊक असले पाहिजे.

वैद्याला उत्तरदायी धरण्याची कल्पना पाश्चात्त्य आहे, अशी एक तक्रार आपल्या मंडळींत वारंवार ऐकू येते. ती खरी नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या चौथ्या अधिकरणात, प्राणसंकट असलेल्या व्याधीची सूचना न देता उपचार करणाऱ्या वैद्याचा रुग्ण दगावल्यास पूर्वसाहसदंड आणि कर्मातील दोषामुळे दगावल्यास मध्यमसाहसदंड सांगितला आहे. येथे दोन गोष्टी वेगळ्या केल्या आहेत, हे ध्यानात घ्यावे : न सांगणे हा एक दोष आणि चुकीचे करणे हा दुसरा. सुश्रुताने मूढगर्भ व अश्मरी यांच्या शस्त्रकर्मापूर्वी राजाची अनुमती घेण्यास सांगितले, त्यामागेही हाच विवेक आहे. आजचे न्यायालय ज्याला संमतीपत्र म्हणते, त्याचे बीज आपल्याच ग्रंथांत आहे.

कायद्याची आजची स्थिती

१३ नोव्हेंबर १९९५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने इंडियन मेडिकल असोसिएशन विरुद्ध व्ही. पी. शांता या खटल्यात वैद्यकीय सेवा ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत आणली. मोबदला घेऊन उपचार करणारा वैद्य त्या दिवसापासून ‘सेवा देणारा’ ठरला. सर्वांनाच विनामूल्य सेवा देणारा तेवढा त्या कक्षेबाहेर राहिला. दिवाणी दावा मात्र त्याच्यावरही होऊ शकतो. १९८६ चा कायदा जाऊन २०१९ चा नवा कायदा २० जुलै २०२० पासून अमलात आला, तरी ही स्थिती बदललेली नाही. २०२४ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने वकिलांची सेवा या कायद्यातून वगळली. वैद्य मात्र आत राहिले आहेत. याविषयी कोणाला विनोद सुचल्यास तो आम्ही त्याच्यावर सोपवितो.

नव्या कायद्यातील चार गोष्टी तडजोडीच्या निर्णयाशी थेट निगडित आहेत. पहिली, आयोगाची आर्थिक मर्यादा आता मागितलेल्या भरपाईवर नव्हे तर दिलेल्या मोबदल्यावर ठरते. २०२१ च्या अखेरच्या नियमांनुसार ५० लाखांपर्यंतच्या मोबदल्याची प्रकरणे जिल्हा आयोगाकडे जातात आणि ५ लाखांपर्यंतच्या मोबदल्यासाठी तक्रारीला शुल्कच नाही. आपल्या दवाखान्याची फी पाहता प्रत्येक तक्रार जिल्हा आयोगातच जाणार आणि तक्रारदारास ती विनाशुल्क करता येणार, हे उघड आहे. दुसरी, तक्रारदार जेथे राहतो किंवा पोटासाठी काम करतो तेथेही त्याला तक्रार करता येते. खानदेशातील किती कुटुंबे सुरतेला नोकरी-धंद्यासाठी गेली आहेत हे वाचकांस सांगावयास नको. शिरपूरच्या वैद्याला सुरतेच्या आयोगाची नोटीस येऊ शकते. तिसरी, नोटीस मिळाल्यापासून लेखी म्हणणे दाखल करण्यास ३० दिवस आणि सबळ कारण असल्यास वर १५ दिवस मिळतात. ४ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने न्यू इंडिया अॅश्युरन्स विरुद्ध हिली मल्टिपर्पज या प्रकरणात ही ४५ दिवसांची मर्यादा वाढविता येणार नाही असे स्पष्ट केले. तडजोडीच्या बोलण्यात हे दिवस निघून गेले, बोलणे फिसकटले आणि म्हणणे दाखल झालेले नाही, अशी अवस्था म्हणजे न लढताच झालेला पराभव होय. म्हणून बोलणी चालू असोत वा नसोत, लेखी म्हणणे मुदतीत दाखल झालेच पाहिजे. चौथी, निकाल विरुद्ध गेल्यास राज्य आयोगाकडे अपील करण्यास ४५ दिवस असतात आणि अपिलासोबत हुकूम झालेल्या रकमेच्या निम्मी रक्कम भरावी लागते. ‘पुढे अपिलात बघू’ असे म्हणताना ही निम्मी रक्कम डोळ्यांसमोर ठेवावी.

प्रथम केसपेपर, नंतर सर्व काही

लढावे की मिटवावे याचे उत्तर केसपेपरमध्ये असते. आपल्याला काय आठवते, रुग्णाच्या भावाने दवाखान्यात काय आरडाओरडा केला, गावात काय बोलले जाते, या गोष्टींना आयोगापुढे फारसे मोल नाही. त्या दिवशी काय लिहिले गेले, यालाच मोल आहे. म्हणून नोटीस आल्यावर करावयाचे पहिले कर्म असे : मूळ केसपेपर, तपासण्यांचे अहवाल, संमतीपत्र, औषधांच्या खरेदीची बिले, फीच्या पावत्या एकत्र करून त्यांच्या छायाप्रती काढाव्यात आणि मूळ कागद कुलपात ठेवावेत. त्यांत एक अक्षरही वाढवू नये. राहून गेलेली नोंद मागाहून लिहिण्याचा मोह प्रामाणिक वैद्यालाही होतो, कारण त्याने ती गोष्ट खरोखर केलेली असते. परंतु रुग्णाजवळ त्याच कागदाची जुनी प्रत असल्यास एका ओळीमुळे संपूर्ण केसपेपर अविश्वसनीय ठरतो. मग जिंकण्याजोगे प्रकरणही जाते, आणि वर खोटा पुरावा तयार केल्याचा नवा आरोप येतो.

त्यानंतर त्या प्रती आपल्याच शाखेच्या, परंतु आपल्याशी स्नेह अथवा वैर नसलेल्या एखाद्या ज्येष्ठ वैद्याकडे नेऊन तोंडी काहीही न सांगता वाचावयास द्याव्यात. तोंडी काही न सांगणे हेच येथे महत्त्वाचे आहे; आयोगातील सदस्यही ते कागद असेच वाचणार आहेत. कायद्याची कसोटीही याच दिशेने जाते. ५ ऑगस्ट २००५ च्या जेकब मॅथ्यू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, त्या शाखेच्या सर्वसाधारण, सक्षम व्यावसायिकाने जे केले असते ते केले आहे काय, एवढेच पाहावयाचे. सर्वोच्च कौशल्याची अपेक्षा नाही, आणि परिणाम वाईट झाला म्हणजे निष्काळजीपणा झाला असेही नाही. वैद्याचे माप वैद्यशास्त्रानेच घ्यावयाचे, ही आपल्या बाजूची गोष्ट आहे. तिची दुसरी बाजू पुढे येईलच.

विवेचन स्पष्ट व्हावे म्हणून तीन प्रकरणे कल्पू. ती कोणा प्रत्यक्ष व्यक्तीची नाहीत.

पहिले चोपडा तालुक्यातील. भगंदरावर क्षारसूत्र चिकित्सा चालू होती. रुग्ण तीन वेळा सूत्र बदलून गेला, नंतर सुरतेला निघून गेला. तेथे विद्रधी होऊन शस्त्रक्रिया करावी लागली. त्याने सहा लाखांची तक्रार केली. केसपेपरवर मराठीत, रुग्णास समजेल अशा शब्दांत लिहिलेले संमतीपत्र आहे. प्रत्येक सूत्र बदलल्याची तारीख आहे. रक्तशर्करेचा अहवाल आहे. रुग्ण न आल्यावर दोनदा दूरध्वनी केल्याची नोंद आहे. हे प्रकरण लढावे. वैद्याची पदवी, प्रशिक्षण आणि कर्म परस्परांशी जुळतात, आणि शास्त्राने सांगितलेला क्रम कागदावर दिसतो. सुरतेला जाण्या-येण्याचा त्रास वाचावा म्हणून येथे पन्नास हजार देऊन टाकणे व्यवहाराचे वाटेल. तथापि परिसरात ‘हा वैद्य नोटीस दिली की पैसे देतो’ असे एकदा पसरले, की पुढच्या नोटिशीला कारण लागत नाही.

दुसरे साक्री तालुक्यातील. संधिवाताच्या वृद्ध रुग्णास पुड्यांसोबत वेदनाशामक गोळ्या सुट्या, नाव न लिहिता, तीन महिने दिल्या गेल्या. पूर्वी अम्लपित्ताचा व जठरव्रणाचा त्रास होता काय, हे विचारल्याची नोंद नाही. वस्तुतः केसपेपरच नाही, एक वही आहे आणि तीत नाव व घेतलेली रक्कम एवढेच आहे. रुग्णास रक्ताची उलटी होऊन धुळ्यास दाखल व्हावे लागले, तो वाचला, खर्च दीड लाख झाला. येथे लढण्यास काहीही नाही. आधुनिक औषधे वापरण्याचा प्रश्न महाराष्ट्रात राज्याच्या कायद्याने व अधिसूचनांनी काही मर्यादेत सोडविलेला आहे. १९९८ च्या मुख्तियार चंद निकालाने हा अधिकार राज्याच्या कायद्यावर अवलंबून असल्याचे सांगितले, म्हणून आपल्याकडील वैद्य या एका मुद्द्यावर लगेच दोषी ठरतोच असे नाही. परंतु ज्याला औषध लिहिण्याचा अधिकार आहे, त्याच्यावर ते सावधपणे लिहिण्याचे कर्तव्यही आहे. ज्याला अधिकारच नाही त्याचे काय होते, हे १० मे १९९६ च्या पूनम वर्मा विरुद्ध अश्विन पटेल या मुंबईच्या प्रकरणात दिसले. होमिओपॅथीची पदविका असलेल्या चिकित्सकाने आधुनिक औषधे दिली. राष्ट्रीय आयोगाने तक्रार फेटाळली होती; सर्वोच्च न्यायालयाने ती मान्य केली आणि अधिकार नसलेल्या शाखेत उपचार करणे हाच निष्काळजीपणा होय असे म्हणून तीन लाखांची भरपाई देवविली. साक्रीच्या आपल्या कल्पित वैद्याने रुग्णाचा खर्च व त्याच्या वेदनेचे काही मोल देऊन लवकरात लवकर प्रकरण मिटवावे. हे केवळ व्यवहाराने सांगत नाही. ज्या रुग्णाची हानी आपल्या हातून झाली त्याला वर्षानुवर्षे आयोगाच्या पायऱ्या चढावयास लावणे आपल्या व्यवसायाच्या धर्मात बसत नाही.

तिसरे प्रकरण खरे कठीण आहे. पारोळा तालुक्यातील चाळिशीतला शेतकरी कामला घेऊन वैद्याकडे आला. पहिल्या दिवशी रक्ततपासणी झाली, पित्तरंजकाचे प्रमाण बरेच वाढलेले होते. वैद्याने शास्त्रोक्त औषधे व पथ्य दिले. चौथ्या दिवशी रुग्ण पुन्हा आला, नोंद आहे. आठव्या दिवशी तो गुंगीत असल्याचे नातेवाइकांनी सांगितले. वैद्याने त्याच वेळी धुळ्यास नेण्यास सांगितले. धुळ्यास पोहोचून दोन दिवसांनी मृत्यू झाला. वैद्याचे म्हणणे असे की, चौथ्या दिवशीच त्याने ‘दुसरी तपासणी करा, बरे न वाटल्यास धुळे-जळगावला मोठ्या रुग्णालयात जा’ असे बजावले होते. घरचे म्हणतात, असे काहीच सांगितले नाही. केसपेपरवर औषधांची नावे आहेत, हा सल्ला नाही.

येथे उपचार चुकीचे नव्हते, कदाचित मृत्यूही टळला नसता. मग लढावे काय? ज्येष्ठ वैद्याने हा कागद वाचला तर तो पहिला प्रश्न विचारील : कामलेच्या असाध्य लक्षणांत तंद्रा व मोह चरकाने चिकित्सास्थानात सांगितले आहेत, ती लक्षणे चौथ्या दिवशी तपासली काय, आणि नसतील तर ‘नाहीत’ असे लिहिले काय? आपले माप आपल्याच शास्त्राने घेतले जाते, याची दुसरी बाजू ती हीच. तक्रारदाराच्या वकिलाला आधुनिक वैद्यकाचा एकही ग्रंथ उघडावा लागणार नाही. त्याने चरकसंहिता हातात घेऊन उलटतपासणी केली तर आपल्या मित्रवैद्याला साक्षीत काय उत्तर देता येईल, याचा विचार आधी करावा. साध्यासाध्य न पाहता चिकित्सा करणाऱ्या वैद्याचा अर्थ, विद्या व यश यांची हानी होते, असे चरकानेच सूत्रस्थानात म्हटले आहे.

आमचे मत असे की, या प्रकरणात दोन्ही तयारी एकाच वेळी करावी. लेखी म्हणणे मुदतीत, पूर्ण आणि सत्य दाखल करावे. मृत्यूचे कारण व आजाराची गती यांविषयी धुळ्याच्या रुग्णालयाची कागदपत्रे मागवावीत. चौथ्या दिवशी दवाखान्यात उपस्थित असलेल्या औषध देणाऱ्या सहायकाचे शपथपत्र मिळते काय ते पाहावे. हे सर्व हाती आल्यावर, साक्षीपुराव्यास प्रारंभ होण्यापूर्वी, तडजोडीचा विचार करावा. त्या वेळी दोन्ही पक्षांना आपापली उणीव दिसू लागलेली असते आणि मन अद्याप पूर्ण कडू झालेले नसते.

फौजदारीचे सावट

मृत्यूच्या प्रकरणात एक गोष्ट पुष्कळ वैद्यांना ठाऊक नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता अमलात आहे. तिच्या कलम १०६ (१) नुसार निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे. वैद्यकीय कर्म करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिकाकडून तसे घडल्यास मर्यादा दोन वर्षांची आहे. परंतु त्या कलमाच्या स्पष्टीकरणात ‘नोंदणीकृत वैद्यकीय व्यावसायिक’ म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोग अधिनियम २०१९ खालील पात्रता व नोंदणी असलेला, असे म्हटले आहे. आपली नोंदणी भारतीय चिकित्सा पद्धतीच्या वेगळ्या कायद्याखाली आहे. शब्दशः वाचल्यास दोन वर्षांची सवलत आयुर्वेद पदवीधरांना मिळत नाही. संघटनेने शासनाकडे मांडण्याजोगा हा विषय आहे. तूर्त मात्र प्रत्येकाने तो लक्षात ठेवूनच पावले टाकावीत.

हा गुन्हा पक्षकारांनी आपसात मिटविण्याजोगा नाही. नातेवाइकांनी पैसे घेऊन ‘आमची तक्रार नाही’ असे लिहून दिले तरी पोलिसांतील प्रकरण त्यामुळे आपोआप संपत नाही. ते रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात, म्हणजे आपल्या दोन्ही जिल्ह्यांसाठी छत्रपती संभाजीनगर येथील खंडपीठात जावे लागते, आणि तेथेही ते न्यायालयाच्या विवेकावर असते. तेव्हा ‘पैसे द्या, केस होणार नाही’ असे आश्वासन देणारा मध्यस्थ, मग तो गावचा पुढारी असो की आणखी कोणी, जे त्याच्या हाती नाही ते विकत असतो. उलट जेकब मॅथ्यू निकालाने वैद्याला दिलेले संरक्षणही आहेच. त्या शाखेतील जाणकाराचे निःपक्ष मत घेतल्याशिवाय पोलिसांनी पुढे जाऊ नये आणि फौजदारीसाठी निष्काळजीपणा घोर स्वरूपाचा असला पाहिजे. मत देणारा जाणकार आयुर्वेदाचाच असावा, अशी लेखी मागणी वेळीच करावी.

जमावापुढे झालेल्या तडजोडीविषयी थोडे. मार्च २०१७ मध्ये धुळ्याच्या शासकीय रुग्णालयात निवासी डॉक्टरवर झालेला हल्ला आणि त्यानंतर राज्यभर झालेले डॉक्टरांचे आंदोलन वाचकांच्या स्मरणात असेल. तशा प्रसंगी जीव वाचविण्यासाठी कोऱ्या कागदावर सही केली किंवा धनादेश दिला, तर त्याची लेखी माहिती त्याच दिवशी पोलिसांस द्यावी. बळजबरीने झालेला करार १८७२ च्या करार कायद्यानुसार रद्द करता येतो; मात्र महिनाभर गप्प राहिलेल्या माणसाची बळजबरीची कथा कोणाला पटणार? हीच गोष्ट उलट दिशेनेही खरी आहे. मृतदेह दारात असताना शोकमग्न विधवेकडून पाच-पन्नास हजारांत अंगठा घेणे म्हणजे तडजोड नव्हे. ते कायद्यात टिकत नाही, आणि टिकू नये.

हिशेब

आता आकड्यांकडे वळू. मागणी आठ लाखांची आहे, म्हणून दोन लाखांत मिटले तर सहा लाख वाचले, असा हिशेब पुष्कळजण करतात. मागणीचा आकडा हा हिशेबाचा आरंभबिंदूच नव्हे. रुग्णाचा प्रत्यक्ष खर्च, बुडालेली कमाई, कायमचे अपंगत्व, मृत्यू असल्यास अवलंबून असणाऱ्यांची संख्या व वय, यांवरून वकिलाने ‘हरल्यास किती’ हे सांगावे. समजा ते चार लाख आहेत आणि कागद वाचून हरण्याची शक्यता चारांत एक वाटते. तर त्या जोखमीचे मोल सुमारे एक लाख झाले. त्यात वकिलाची फी, तज्ज्ञाचे शपथपत्र, बुडणारे दवाखान्याचे दिवस आणि रकमेवर लागू शकणारे व्याज मिळवावे. याच्या आसपास तडजोड होत असेल तर ती विचारात घेण्याजोगी. फार वर जात असेल तर लढणे परवडते. शक्यता चारांत तीन असेल तर तोच हिशेब तीन लाखांवर जातो.

या हिशेबात काळ धरलेला नाही. कायदा म्हणतो, तक्रारीचा निकाल तीन महिन्यांत, आणि प्रयोगशाळेची तपासणी लागत असल्यास पाच महिन्यांत व्हावा. अनुभव काय आहे ते आयोगाच्या आवारात एक सकाळ बसल्यास कळते. दिवाणी दाव्यांचा इतिहास तर सांगूच नये. जोशी विरुद्ध गोडबोले हे आपल्या राज्यातील गाजलेले प्रकरण. मे १९५३ मध्ये रत्नागिरी जिल्ह्यातील पालशेत येथे अपघातात मांडीचे हाड मोडलेला वीस वर्षांचा तरुण पुण्यात उपचार घेताना दगावला. पुरेशी भूल न देता जोर लावून हाड बसविल्याने धक्का बसून मृत्यू झाला, असा निष्कर्ष निघाला. तीन हजारांची भरपाई मिळाली. १९६३ मध्ये उच्च न्यायालयाने तो निर्णय कायम केला आणि सर्वोच्च न्यायालयाने २ मे १९६८ रोजी शल्यचिकित्सकाचे अपील फेटाळले. तीन हजार रुपयांसाठी पंधरा वर्षे! मृताचे वडील स्वतः डॉक्टर होते, हे लक्षात घेतले म्हणजे कळते की दोन्ही बाजूंनी पैसा हा मुख्य विषय नव्हता. प्रकरण तेव्हाच मिटले असते तर आजही प्रत्येक वैद्यकीय खटल्यात त्या शल्यचिकित्सकाचे नाव उच्चारले गेले नसते. औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयातील १९६३ चे खोडवा प्रकरण, ज्यात शस्त्रक्रियेनंतर पोटात कापड राहिले होते, १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात संपले. भरपाई ३६,००० रुपये. शासन तेहतीस वर्षे लढू शकते. एकट्या वैद्याने आपल्या वयाकडे पाहून ठरवावे.

नाव व मनःशांती यांची किंमत मात्र कोणताही वकील काढून देणार नाही. निकालपत्र सार्वजनिक असते, त्यात दोषाचा निष्कर्ष असतो. तडजोडीच्या आदेशात तो नसतो. ज्याची नोंद निर्मळ आहे त्याला निर्दोष ठरण्याचे मोल मोठे वाटेल, आणि ते योग्यच आहे.

विमा कंपनीस विचारल्याशिवाय शब्द देऊ नये

व्यावसायिक दायित्वाची पॉलिसी असल्यास निर्णय एकट्याचा राहत नाही. अशा पॉलिसींत कंपनीच्या लेखी संमतीवाचून दोष मान्य करणे, देऊ करणे, वचन देणे वा पैसे देणे यांस बहुधा मनाई असते. नोटीस आल्याबरोबर कंपनीला न कळविल्यास दावाच नाकारला जाण्याची भीती. काही पॉलिसींत असेही कलम असते की, कंपनीने सुचविलेली तडजोड विमेदाराने नाकारली तर त्या रकमेपुढची जबाबदारी त्याची. पॉलिसी कपाटातून काढून हे कलम शोधावे. तसेच, आपल्या पात्रतेबाहेरचे कर्म बहुधा विम्यातून वगळलेले असते, हेही पाहावे. नातेवाइकांशी बोलताना दुःख व्यक्त करण्यास, काय घडले ते प्रामाणिकपणे सांगण्यास हरकत नाही. ‘खर्च मी देतो’ हे वाक्य मात्र कंपनीला विचारून उच्चारावे.

तडजोड ठरल्यास ती कशी करावी

बोलणी वकिलांमार्फत, आणि पत्रव्यवहार पुराव्यात वापरला जाणार नाही अशा स्पष्ट अटीवर व्हावा. भारतीय साक्ष्य अधिनियमाचे कलम २१ दिवाणी प्रकरणांत असे संरक्षण देते. आयोगाच्या मध्यस्थी-कक्षाचा उपाय सौम्य स्वरूपाच्या प्रकरणांस खुला आहे. परंतु २०२० च्या मध्यस्थी नियमांनुसार मृत्यू किंवा गंभीर दुखापत झालेल्या वैद्यकीय निष्काळजीपणाची प्रकरणे मध्यस्थीकडे पाठविता येत नाहीत. साक्रीचे प्रकरण गंभीर दुखापतीत मोडते की नाही यावर वाद होईल. पारोळ्याचे निश्चितच जाणार नाही. ही मनाई मध्यस्थीपुरती आहे, पक्षकारांनी स्वतः केलेली तडजोड आयोगापुढे दाखल करण्यास तिची आडकाठी नाही, असे आम्ही समजतो. वकिलाकडून याची खात्री करून घ्यावी. लोकअदालतीत झालेला निवाडा दिवाणी हुकूमनाम्यासारखा असतो आणि त्यावर अपील नाही, हा तिचा मोठा गुण.

तक्रार दाखल झालेली असेल तर केवळ आपसातील पावतीवर विसंबू नये. दोन्ही पक्षांच्या व वकिलांच्या सह्यांची तडजोड पुरसिस दाखल करावी आणि तीवर आयोगाचा आदेश घ्यावा. तीत दोष मान्य न करता रक्कम देत असल्याचे, ती कोणत्या तारखेस कोणत्या धनादेशाने दिली याचे, आणि या उपचारातून उद्भवणारे भरपाईचे सर्व दावे संपल्याचे वाक्य असावे. परिषदेकडे तक्रार करणार नाही वा साक्ष देणार नाही, असे रुग्णाकडून लिहून घेऊ नये. शिस्तभंगाचा विषय पैशाच्या दाव्याहून वेगळा आहे आणि तशी अट उलट आपल्याच अंगाशी येते. रक्कम रोखीने कधीही देऊ नये.

रुग्ण मृत असल्यास सर्व कायदेशीर वारसांच्या सह्या हव्यात. पारोळ्याच्या उदाहरणात पत्नी, मुले व मृताची आई हयात असल्यास तीही वारस आहे. एका भावाशी बोलून रक्कम दिली आणि वर्षभराने आईने तक्रार केली, असे होऊ शकते. वारसांत किंवा रुग्णच अज्ञान असल्यास पालकाची सही पुरेशी नाही. दिवाणी दाव्यात अज्ञानाच्या वतीने तडजोड करण्यास न्यायालयाची परवानगी लागते, ती नसल्यास तो सज्ञान झाल्यावर तडजोड रद्द करून घेऊ शकतो. आयोगापुढेही तशी परवानगी मागून घ्यावी आणि मुलाचा हिस्सा त्याच्या नावे बँकेत मुदत ठेवीत ठेवण्याचा आदेश मागावा. आदेशाची प्रमाणित प्रत मिळाल्यावर ती मूळ केसपेपरसोबत, त्याच कुलपात ठेवावी.